अक्षरी रुपये

मागच्या महिन्यात एका शनिवारी नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात मुलाखती घ्यायला गेले होते. अशा ठिकाणी आपली ओळख 'इंडस्ट्रीतून आलेल्या मॅडम' अशी करून देतात, समोर पाण्याची छोटी बाटली ठेवतात आणि गुण द्यायला एक छापील तक्ता हातात देतात. दुपारी जेवणानंतरच्या सुस्तीत निफाडकडचा एक मुलगा आत आला. शर्टाच्या घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या. फॉर्मवर लिहिलं होतं, मेजर मॅनेजमेंट, मायनर इतिहास. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर अशा जोड्या फॉर्मवर दिसू लागल्यात, तरी माझी नजर तिथे अडकलीच. मी विचारलं, "इतिहास का घेतलास रे?" उत्तर तयार होतं. "मॅडम, त्यामुळे क्रिटिकल थिंकिंग आणि कम्युनिकेशन स्किल्स डेव्हलप होतात." शेजारच्या दोघांनी तक्त्यात खूण केली. मीही केली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, म्हटलं, "ते राहू दे. तुला त्यात आवडलं काय?" तो गडबडला. हाताची बोटं एकमेकांत अडकवली, सोडवली. "घरी पणजोबांची ट्रंक आहे मॅडम. तिच्यात मोडीतले कागद होते. ते वाचता यावेत म्हणून मी मोडी शिकलो, म्हणजे अजून शिकतोय. त्यात एक गहाणखत निघालं, आणि मॅडम, त्यात ना…" एवढं बोलताना तो पहिल्यांदाच खुर्चीत पुढे सरकला होता. तेवढ्यात त्याला भिंतीवरचं घड्याळ दिसलं. तो परत मागे टेकला. "सॉरी मॅडम, ऑफ टॉपिक झालं."

पुढचा उमेदवार आला. त्याचं काहीच आठवत नाही मला.

घरी येताना कॉलेज रोडला सिग्नलवर थांबले होते, तेव्हा ते 'ऑफ टॉपिक' पुन्हा कानात आलं. त्या मुलाला ते कुणी शिकवलं असेल? कुणी शिकवावं लागत नाही. आपण मान हलवतो, खूण करतो, त्यातून मुलं शिकतात. इतिहास घेतला याचं कारण काय, तर कौशल्य वाढतं. मोडी आवडते हे कारण चालत नाही. आणि हे मी कुणाला सांगते आहे? पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत 'बीए मराठी का?' या प्रश्नाला मीही असंच काहीतरी ठोकून दिलं होतं. 'ग्राहकाची मानसिकता समजायला साहित्याचा उपयोग होतो, सर.' समोरचे सर खूश झाले होते. खरं कारण साधं होतं. अकरावीत असताना एका दुपारी सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, पुस्तक वाचत बसले ती दिवे लागले तेव्हा उठले, आणि त्यानंतर दुसरं काही शिकावंसं वाटेना.

आमचं एचपीटी कॉलेज आणि शेजारचं बीवायके, दोन्ही एकाच आवारात. कला शाखेचं एक, वाणिज्यचं एक. मध्ये फार तर दोन मिनिटांचं अंतर, झाडं, सायकलींच्या रांगा. पण तीन वर्षांत मी त्या बाजूच्या एकाही वर्गात बसले नाही, आणि तिकडचं कुणी आमच्याकडे फिरकलं नाही. कॅन्टीनला मात्र सगळे एकत्र. तिथे कॉमर्सच्या मुली ताळेबंद जुळला नाही म्हणून रडकुंडीला आलेल्या असायच्या आणि आम्ही एका ओळीतल्या स्वल्पविरामावरून भांडत असायचो. त्यांना आमचं भांडण पोरकट वाटायचं, आम्हाला त्यांचं रडणं. आता वाटतं, दोन्ही गोष्टी एकच होत्या. काहीतरी जुळत नाहीये, आणि ते कुठे चुकलंय ते सापडेपर्यंत चैन पडत नाहीये.

बाबा नाशिकरोडला प्रेसमध्ये होते. आमच्याकडे 'प्रेस' म्हणजे वर्तमानपत्र नव्हे, नोटा आणि स्टॅम्प छापणारी प्रेस. जाताना-येताना गेटवर झडती, आणि घरी कामाबद्दल एक अक्षर नाही. बाबांकडे बरीच वर्षं स्टॅम्प पेपर मोजायचं काम होतं. कोरे, करकरीत कागद, वर तेवढं छापलेलं मूल्य. त्यांवर पुढे कोण काय लिहिणार, कुणाचं घर विकलं जाणार, कुणाची वाटणी होणार, हे त्यांना कधीच कळायचं नाही. पण मोजणीत एक कागद कमी पडला तर शिफ्ट सुटत नसे. हे बाबा रविवारी सावानातून पिशवीभर पुस्तकं आणायचे आणि आकड्यांइतक्याच शिस्तीत वाचायचे. बीए झाल्यावर त्यांनी एकच वाक्य टाकलं. "वाचायला मराठी राहू दे, पोटाला एमबीए कर." मला राग आला होता. पण त्या काळात त्यांच्या पगारात एमबीएची फी भरणं म्हणजे काय, हे मला माहीत होतं, त्यामुळे राग गिळला.

एमबीएच्या वर्गात बहुतेक इंजिनिअर. 'डेबिट द रिसीव्हर, क्रेडिट द गिव्हर' हे त्यांनी एका तासात पचवलं, मला पंधरा दिवस लागले. पण केस स्टडीचा तास आला आणि वाटलं, अरे, ही तर गोष्ट आहे! एक कारखाना असतो, एक मॅनेजर असतो, तो अडचणीत सापडतो, आणि नेमक्या त्या टोकावर गोष्ट थांबते. आता तुम्ही ठरवा. पहिल्याच केसमध्ये कारखान्याचा एक विभाग बंद करायचा की नाही असा प्रश्न होता. मी विचारलं, "सर, त्या विभागात बायका जास्त आहेत. त्या कुठे जाणार?" वर्ग हसला. सर हसले नाहीत, ते बिचारे सज्जन होते. ते म्हणाले, "केसमध्ये जे दिलेलं नाही, ते गृहीत धरायचं नाही." मी वहीत लिहून घेतलं. आणि लिहिता लिहिता आठवलं, एचपीटीतल्या आमच्या बाई कविता संपली की पुस्तक मिटवायच्या आणि म्हणायच्या, "आता कवीने काय सांगितलं नाही, ते सांगा." दोन्ही वाक्यं मला अजून बरोबर वाटतात. कोणती वेळ कोणत्या वाक्याची, हे मात्र दोन्हीकडे कुणी शिकवलं नाही.

१९९९ च्या मार्चमध्ये तात्यासाहेब, म्हणजे कवी कुसुमाग्रज, गेले. मी एमबीएच्या पहिल्या वर्षाला होते आणि दुसऱ्या दिवशी कॉस्टिंगची चाचणी होती. टिळकवाडीकडे, त्यांच्या घरी जायला निघाले, अर्ध्या वाटेवरून परत फिरले. ब्रेक-ईव्हन पॉइंटची गणितं सोडवत बसले. चाचणीत चांगले गुण पडले. त्या गुणांची अजून लाज वाटते, आणि त्या दिवशी गेले असते तर नेमकं काय झालं असतं, तेही सांगता येत नाही.

ही दोन इमारतींची गोष्ट काही आपल्याकडचीच नाही. अमेरिकेत जोसेफ व्हार्टन नावाच्या लोखंडाच्या कारखानदाराने १८८१ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला पैसे दिले, ते धंद्याचं शिक्षण कॉलेजच्या बाकीच्या विद्येच्या मांडीला मांडी लावून बसावं म्हणून. पुढे १९०८ मध्ये हार्वर्डने एमबीए सुरू केलं. धंदा शिकवणाऱ्या शाळा वाढत गेल्या, आणि १९५९ मध्ये फोर्ड आणि कार्नेगी या प्रतिष्ठानांच्या दोन अहवालांनी त्यांचे कान उपटले की तुमचं शिक्षण कच्चं आहे, हिशेबनीस तयार करण्यापलीकडे जात नाही. खरं तर त्या अहवालांना विद्यार्थ्यांनी इतर विषयही वाचायला हवे होते. शाळांनी त्यातलं गणित आणि संख्याशास्त्र तेवढं जोरात उचललं. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९६१ मध्ये, अहमदाबादचं आयआयएम हार्वर्डच्या मदतीने उभं राहिलं. आमच्या नाशिकच्या वर्गातली ती केस स्टडी अशी लांबून आलेली होती.

पण मला सगळ्यात आवडते ती बेल टेलिफोन कंपनीची गोष्ट. पेनसिल्व्हेनियातल्या या कंपनीला १९५३ च्या सुमाराला वाटलं, आपले तरुण अधिकारी हुशार आहेत, पण फोनच्या तारांपलीकडे त्यांना काही माहीत नाही. म्हणून तिने त्यांना पूर्ण पगारावर सुमारे दहा महिने त्याच पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पाठवलं. इतिहास, तत्त्वज्ञान, कविता, चित्रं, संगीत, अवघडात अवघड कादंबऱ्या. कामाचं काही नाही. माणसं खरंच बदलली. वाचू लागली, प्रश्नांच्या दोन्ही बाजू पाहू लागली, आत्मविश्वास वाढला. आणि आणखी एक झालं. कंपनीचा फायदा घरापेक्षा, गावापेक्षा मोठा मानायला ती पूर्वीइतकी राजी राहिली नाहीत. १९६० पर्यंत कंपनीने तो सगळा प्रकार गुंडाळला. ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मी मोठ्याने हसले होते. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा हसू आलं नाही, कारण मधल्या काळात २०१० चा हंगाम येऊन गेला होता.

द्राक्षातल्या माणसांना २०१० म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. मी तेव्हा एका निर्यातदाराच्या पॅकहाऊसमध्ये कमर्शिअलचं काम बघत होते. जानेवारी ते एप्रिल आमचं जग म्हणजे पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका, हातातल्या कात्र्यांचा किटकिट आवाज, प्री-कूलिंगच्या दारातून पायावर येणारा गारवा आणि पेटीत घालायच्या सल्फरच्या कागदांचा नाकात बसलेला वास. त्या वर्षी माल युरोपात पोचला आणि तिथल्या तपासणीत क्लोरमेक्वाट क्लोराइड निघालं. शेतकरी त्याला लिहोसिन म्हणतात. खरड छाटणीनंतर वेल नुसतीच माजू नये, डोळ्यात घड धरावा म्हणून ते मारतात, आणि वर्षानुवर्षं मारत आले होते. तिकडची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम. कंटेनर अडकले, भाव कोसळला, आणि तो सगळा तोटा उलट्या वाटेने प्रवास करत बंदरातून पॅकहाऊसला, पॅकहाऊसमधून बागेत येऊन उभा राहिला.

शेतकऱ्यांना पत्र पाठवायचं होतं. ठरलेल्या भावातून किलोमागे ११ रुपये कापले जाणार, हे कळवायचं होतं. साहेबांनी मला बोलावलं. "तू लिही. तुझं मराठी चांगलं आहे."

मी लिहिलं. दोन रात्री बसून लिहिलं. आयुष्यात त्या पत्रावर घेतली तेवढी मेहनत मी बीएच्या निबंधावर घेतली नव्हती. सुरुवात हवामानापासून केली, मग बागेतल्या कष्टांचा उल्लेख केला, मग 'आपण सारे एकाच वेलीचे घड' अशी एक ओळ टाकली आणि ती सुचल्यावर मला, खोटं कशाला बोलू, आनंद झाला. मग 'परदेशी बाजारपेठेतील अनपेक्षित परिस्थितीमुळे अंतिम हिशेबात काही समायोजन अपरिहार्य ठरले आहे.' कपात हा शब्द कुठेही नाही. ११ हा आकडा दुसऱ्या पानावर, तक्त्यात, 'समायोजन' नावाच्या रकान्यात. पत्रं गेली. आम्हाला वाटलं होतं गेटवर माणसं येतील, आरडाओरडा होईल. फारसं कुणी आलं नाही. साहेब खुशीत म्हणाले, "आज तुझ्या बीएचा उपयोग झाला बघ."

आठवड्याभराने दिंडोरीकडचे एक अण्णा आले. सात-आठ वर्षं आम्हाला माल देत होते. माझ्या टेबलासमोर बसले, पाणी प्यायले, खिशातून घडी केलेलं पत्र काढलं. "ताई, पत्र लई भारी लिहिलंय बरं. पोरानं दोनदा वाचून दाखवलं. पन पैसे किती कापले, ते काही सापडलं नही त्यात." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी पान उलटलं आणि रकान्यावर बोट ठेवलं. त्यांनी बराच वेळ त्या आकड्याकडे पाहिलं, मनात गुणाकार केला असावा, आणि "बरं" म्हणून उठले. पत्र टेबलावरच राहिलं. पुढच्या हंगामात त्यांनी माल दुसरीकडे दिला.

कला शिकलेल्या माणसाचं मन मोठं असतं, संवेदना जागी असते, असं आपण भाषणांतून म्हणतो. मीही म्हटलंय. पण त्या पत्रात माझी सगळी शिकवण कामाला लागली होती, आणि ती लागली होती ११ हा आकडा झाकायला. वर्गातल्या एखाद्या इंजिनिअरला ते पत्र लिहायला सांगितलं असतं, तर त्याने तीन ओळींत सांगून टाकलं असतं. गेटवर आरडाओरडा झाला असता. कदाचित ११ चे ८ झाले असते. बाई म्हणायच्या ना, काय सांगितलं नाही ते सांगा. मी तेच तंत्र उलटं वापरलं. काय सांगायचं नाही, ते इतकं छान लिहिलं की सापडू नये.

पांडवलेणीकडे गेलं की पायथ्याचं फाळके स्मारक दिसतं आणि मला दरवेळी दादासाहेबांपेक्षा त्यांचे भागीदार आठवतात. त्र्यंबकेश्वरी जन्मलेला हा माणूस जे. जे.मध्ये चित्रकला शिकला, बडोद्याच्या कलाभवनात गेला, छायाचित्रण, छपाई, सगळं हाताने करून पाहिलं. १९१३ नंतर कंपनी नाशिकला आणली. १९१८ मध्ये भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली, आणि थोड्याच दिवसांत पैशांवरून बिनसलं. दादासाहेब सगळं सोडून काशीला गेले, तिथे नाटक लिहिलं, मग परत आले. आपल्याकडे ही गोष्ट नेहमी कलावंताच्या बाजूने सांगतात. मला भागीदारांचीही बाजू कळते, त्याला काय करू? महिनाअखेर खर्चाचा कागद मागणारं माणूस मी स्वतः आहे. उलट लक्ष्मणराव किर्लोस्कर बघा. तेही जे. जे.मध्ये चित्रकला शिकायला गेलेले, पण रंग नीट ओळखू येत नाहीत हे लक्षात आलं आणि ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले. त्यांनी लोखंडी नांगर केला, तर लोखंडाने जमीन नासेल म्हणून शेतकरी तो घेईनात. पुढे १९२० मध्ये त्यांच्याच कारखान्यातून शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं. कारखान्याची बातमीपत्रिका म्हणून निघालेलं ते मासिक आमच्या आजीपर्यंत गोष्टी घेऊन पोचलं. तिने नांगर कधी विकत घेतला नाही, मासिक मात्र घेतलं.

आता गंगापूर रोडच्या होर्डिंगांवर लिबरल आर्ट्स आणि मॅनेजमेंट एका ओळीत झळकतात. इंदूरच्या आयआयएमने २०११ मध्ये बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. पहिली तीन वर्षं गणिताबरोबर मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रं, पुढची दोन एमबीए. माझ्या वेळी असतं तर मी उडी मारली असती. आमच्या सोसायटीतल्या एक काकू मुलीसाठी विचारायला आल्या होत्या, "हे दोन्ही एकत्र केलं तर पॅकेज चांगलं मिळतं का गं?" मी म्हटलं, मिळतं बहुतेक. त्यांना हवं होतं तेवढं उत्तर मिळालं. खरं तर सांगायचं होतं की वेळापत्रकात सोमवारी इतिहास आणि मंगळवारी फायनान्स ठेवलं म्हणून दोघांची गाठ पडते असं नाही. माझ्या डोक्यात दोन्ही होती, शेजारी शेजारी, अगदी एचपीटी-बीवायकेसारखी. त्या दोन रात्रींत ती पहिल्यांदा भेटली, आणि भेटून त्यांनी काय केलं ते वर लिहिलंच आहे. पण एवढं सगळं दारात उभं राहून, हातात वाटीभर विरजण घेतलेल्या काकूंना कसं सांगणार?

मुलाखतींची दुसरी फेरी पंधरा दिवसांनी होती. तो मुलगा यादीत होता. या वेळी मी त्याला काहीच विचारलं नाही, बाकीच्यांनी विचारलं, त्याने छान उत्तरं दिली. चहाच्या सुट्टीत तो व्हरांड्यात एकटा उभा दिसला. मी जवळ जाऊन म्हटलं, "त्या दिवशी गहाणखताचं काहीतरी सांगत होतास."

त्याने आधी इकडेतिकडे पाहिलं. मग फोन काढला, फोटो शोधला आणि दोन बोटांनी मोठा केला. पिवळा पडलेला स्टॅम्प पेपर, घडीवर फाटलेला. साल १९३१. म्हणजे कोरा असताना तो आमच्याच प्रेसमधून गेला असणार, बाबांच्या आधीच्या कुणीतरी मोजलेला. त्यावर ती मोडीची न तुटणारी ओळ, पावसाच्या पाण्याने वाहत जावी तशी. मला एक अक्षर लागलं नाही. "पणजोबांनी मळ्याचा तुकडा गहाण टाकला होता मॅडम. सही येत नव्हती, म्हणून खाली बघा, निशाणी नांगराची." खरंच, कोपऱ्यात बारीकसा नांगर काढलेला होता, थरथरत्या हाताने, पण फाळासकट. "आमच्याकडे सगळे म्हणतात सावकाराने फसवलं. मलाही तसंच वाटायचं. म्हणून तर मी मोडी शिकलो, कुठे फसवलंय ते शोधायला. जमीन गेली ते खरंच मॅडम. पण कागदात ना, लपवलेलं काहीच नाही." तो आता पुन्हा पुढे झुकला होता आणि घड्याळाकडे त्याचं लक्ष नव्हतं. "हे बघा, पहिल्याच ओळीत."

त्याने स्क्रीनवर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर सोडवत मला वाचून दाखवलं. "रुपये १२५. अक्षरी, रुपये सव्वाशे."